भस्माचा हात आणि पिठाचे पंजे

भिवंडीत वाढलेल्या माणसाला पांढरा हात ओळखीचा असतो. मागावरचा माणूस पाळी संपवून बाहेर पडतो तेव्हा त्याच्या भुवयांवर आणि कानांच्या पाळ्यांवर रुईचे तंतू बसलेले असतात. सायझिंगमध्ये ताण्याला खळ चढवायची म्हणून स्टार्चची पोती फोडणाऱ्याचे हात तर कोपरापर्यंत पांढरे. लहानपणी एका दुपारी असाच एक कामगार आमच्या नाक्यावरच्या चहाच्या टपरीवर आला आणि काळा सदरा घातलेल्या दोस्ताच्या पाठीवर त्याने जोरात थाप मारली. पाचही बोटांचा पंजा सदऱ्यावर उठला. दोस्ताला त्याचा पत्ता नाही. तो पाठीवर पंजा घेऊन बाजारभर हिंडला आणि आम्ही पोरं पोट धरधरून हसत त्याच्या मागे मागे. कोणाला काही सांगावं लागलं नाही. जो पाही तो हसे.

पुढे कितीतरी वर्षांनी ‘पिठाचे पंजे’ हे नाव वाचलं तेव्हा तीच पाठ डोळ्यांपुढे आली.

हे नाव दादासाहेब फाळक्यांच्या एका विनोदी मूकपटाचं आहे. ३ जानेवारी १९१४ रोजी मुंबईच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये फाळक्यांचा दुसरा कथापट ‘मोहिनी भस्मासुर’ लागला आणि त्याच्या जोडीला हा छोटा हास्यपट दाखवला गेला. दोन्ही चित्रपट आज नाहीत. ‘मोहिनी भस्मासुर’ची आठवण तरी निघते, कारण त्यात दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई या दोन स्त्रिया पडद्यावर आल्या. ‘पिठाचे पंजे’ मात्र चित्रपटसूचीत एका ओळीपुरता उरला आहे. ही ओळ मला फार वर्षं सलते आहे. फाळके म्हटलं की आपल्याला देव, ऋषी, राजे आठवतात. हसवणारे फाळके आपण गमावले, आणि गमावले हेसुद्धा आपल्या लक्षात राहिलेलं नाही.

३ जानेवारीच्या त्या खेळापर्यंत फाळके कसे पोचले ते थोडक्यात सांगतो, कारण बराचसा भाग वाचकांना ठाऊक आहे. त्र्यंबकेश्वरला १८७० साली जन्म, मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये आणि मग बडोद्याच्या कलाभवनात शिक्षण, छायाचित्रण, छपाई, जादूचे प्रयोग असे नाना उद्योग. १९११च्या ईस्टरच्या सुमारास गिरगावातल्या तंबूत त्यांनी ख्रिस्ताचं चरित्र पडद्यावर पाहिलं आणि त्याच जागी आपला कृष्ण, आपला राम कधी दिसेल या विचाराने ते झपाटले. १९१२मध्ये लंडनला जाऊन विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणि फितीला भोकं पाडायचं यंत्र घेऊन आले. ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसाठी लागला, तोही याच कोरोनेशनमध्ये. त्यातली तारामती म्हणजे ग्रँट रोडवरच्या एका उपाहारगृहात आचाऱ्याचं काम करणारे अण्णा साळुंके. सिनेमात काम करायला एकही बाई तयार नव्हती.

त्याच वर्षी फाळक्यांनी दादरचं बिऱ्हाड आणि कारखाना हलवून नाशिक गाठलं. गोदावरीचे घाट, दगडी देवळं, डोंगर, झाडी, पौराणिक चित्राला लागणारं सगळं तिथे दाराशी होतं. नाशिकहून मुंबईला यायचा जुना आग्रा रोड आमच्या भिवंडीवरून जातो आणि आगगाडीची वाट शेजारच्या कल्याणवरून. फाळक्यांच्या फिती मुंबईला पोचायच्या त्या आमच्या पंचक्रोशीतूनच.

नाशिकला फाळक्यांचा कारखाना म्हणजे एक मोठं एकत्र कुटुंब होतं. नट, रंगारी, सुतार, कॅमेऱ्याजवळचे मदतनीस, सगळे तिथेच राहात, तिथेच जेवत. साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक सरस्वतीबाई फाळके पाहात. आणि तेवढ्यावर भागत नव्हतं. परदेशातून येणारी कोरी फीत बिनभोकांची असे. यंत्राच्या दातांना पकडता यावं म्हणून तिच्या दोन्ही कडांना ठरावीक अंतरावर भोकं पाडावी लागत, आणि हे काम अंधारात करावं लागे, कारण फितीला उजेड लागला की ती वाया. दिवसभर राबून रात्री सरस्वतीबाई हे काम करत. रसायनं मिसळत, फिती धुवायला मदत करत, आणि दिवसा चित्रीकरणाच्या वेळी उन्हाचा कवडसा नटांच्या तोंडावर पडावा म्हणून पांढरी चादर धरून तासन् तास उभ्या राहात. ‘राजा हरिश्चंद्र’साठी त्यांचे दागिनेही गेले होते.

अंधारात भोकं पाडणं म्हणजे काय, हे डोळे मिटून समजून घ्यायला हवं. एका फूट फितीत सोळा चौकटी बसतात आणि प्रत्येक चौकटीला एका कडेला चार भोकं, दोन्ही कडा धरून आठ. म्हणजे हातभर फितीला दीडशेच्या वर भोकं. एक जरी तिरकं पडलं तरी पडद्यावर चित्र थरथरतं किंवा फीत यंत्रात फाटते. सगळा भरवसा बोटांच्या स्पर्शावर. दिवसा परातीत कणीक तिंबणारे आणि रात्री अंधारात फीत सरकवणारे हात एकाच बाईचे होते. ‘पिठाचे पंजे’ हे नाव फाळक्यांना कुठून सुचलं असेल ते असो, पण ज्या घरात ते सुचलं त्या घरातल्या पिठाच्या पंजांची ओळख मला या नावाआधी करून द्यावीशी वाटते.

आता ३ जानेवारीच्या खेळाकडे येतो.

‘मोहिनी भस्मासुर’ची लांबी ३,२४५ फूट होती. मूकपटाच्या काळात यंत्र हाताने फिरवत आणि सेकंदाला साधारण सोळा चौकटी सरकत, म्हणजे सेकंदाला एक फूट. या हिशेबाने पूर्ण चित्र चोपन्न मिनिटांत संपतं. पैसे मोजून आलेल्या प्रेक्षकाला तेवढ्यावर घरी पाठवणं परवडणारं नव्हतं. त्यामुळे मुख्य चित्राच्या जोडीला काहीतरी लागेच. ‘राजा हरिश्चंद्र’च्या वेळी नाच होता, विनोदी प्रवेश होता, पायांनी कसरत करून दाखवणारा एक कलावंत होता. सगळा परदेशी मामला. दुसऱ्या चित्राच्या वेळी फाळक्यांनी ही जागा आपणच भरली. जोडीचा खेळही आपल्याच कारखान्यातला, आपल्याच भाषेतल्या नावाचा.

पाश्चात्त्य चित्रगृहांतही मुख्य चित्राला जोड म्हणून विनोदी तुकडा देत, आणि फाळक्यांनी ती पद्धत तिथून घेतली असं कोणी म्हणेल. पण मराठी माणसाला त्यासाठी विलायतेकडे पाहायची गरज नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पौराणिक नाटकं करणाऱ्या मराठी मंडळ्या मुख्य खेळ संपल्यावर फार्स करत. आधी सीतास्वयंवर, मग फार्स, हा क्रम प्रेक्षकांच्या अंगवळणी पडलेला होता. कोकणातल्या दशावतारात मूळ आख्यानाआधी संकासुर येऊन धुमाकूळ घालतो. तमाशात गण झाला की गवळण येते आणि तिच्यात मावशी नि सोंगाड्या राजरोस देवाची थट्टा करतात. भक्ती आणि हसू एकाच रात्रीत, एकाच तिकिटात. फाळके या हवेत वाढले होते. पौराणिक आणि त्याच्यापाठी फार्स ही मराठी रंगभूमीची जोडगोळी त्यांनी जशीच्या तशी पडद्यावर आणली, असं मला ठामपणे वाटतं.

आणि त्या दिवशीची जोडगोळी तर विलक्षण होती. भस्मासुराची गोष्ट ही हाताची गोष्ट आहे. ज्याच्या डोक्यावर हात ठेवीन त्याचं भस्म व्हावं, असा वर तो शंकराकडून मिळवतो आणि उलटून शंकराच्याच मागे लागतो. मग विष्णू मोहिनीचं रूप घेतो, नाचू लागतो, भस्मासुर तिच्यासारखाच नाचू लागतो, आणि नाचता नाचता मोहिनी स्वतःच्या मस्तकावर हात ठेवते. भस्मासुरही ठेवतो. राखेचा ढीग. ही गोष्ट पाहून झाली आणि त्याच पडद्यावर, त्याच तिकिटात, ‘पिठाचे पंजे’! एका खेळात हात लागला की राख, दुसऱ्याच्या नावातच हाताला लागलेलं पीठ. राखही पांढरी, पीठही पांढरं. एकीकडे कैलास हादरवणारा हात, दुसरीकडे जात्यापाशी बसलेल्या घरचा. फाळक्यांनी ही सांगड जाणून घातली असावी असं मी मानतो. चित्रकला, छपाई, जादू यांत उमेद घालवलेला माणूस दोन चित्रं शेजारी ठेवताना ती एकमेकांकडे कशी पाहतील याचा विचार केल्याशिवाय राहणार नाही.

कमलाबाईंविषयी इथे थोडं थांबायला हवं. त्या तेव्हा जेमतेम तेरा-चौदा वर्षांच्या होत्या. आई दुर्गाबाई पार्वती झाल्या, मुलगी मोहिनी. दोघी चित्ताकर्षक नाटक मंडळीतल्या, म्हणजे लोकांसमोर उभं राहण्याची सवय असलेल्या. अण्णा साळुंक्यांना साडी नेसवून भागवण्याच्या काळात ही मायलेकीची जोडी कॅमेऱ्यापुढे उभी राहिली, ते धैर्य लहान नाही. कमलाबाई पुढे मंडळीचे मालक रघुनाथराव गोखल्यांच्या पत्नी झाल्या. चंद्रकांत गोखले त्यांचे चिरंजीव आणि विक्रम गोखले नातू. म्हणजे या घराण्याचा पडद्याशी जो संबंध जुळला तो त्या चोपन्न मिनिटांत, आणि त्या चोपन्न मिनिटांतला एक फूटही आज पाहता येत नाही.

 फाळक्यांचा तिसरा कथापट ‘सत्यवान सावित्री’ ६ जून १९१४ रोजी लागला. त्याची लांबी ३,६८० फूट, म्हणजे तासाभराचा खेळ.    

या तारखा जगाच्या नकाशावर ठेवून पाहा. चार्ली चॅप्लिन पडद्यावर पहिल्यांदा दिसला तो २ फेब्रुवारी १९१४ रोजी, आणि त्याचा तो टोपी-काठीवाला अवतार लोकांपुढे आला आणखी पाच दिवसांनी. त्याआधी महिनाभर मुंबईत एक मराठी नावाचा हास्यपट लोकांना हसवून गेला होता. फ्रान्सचा माक्स लँदेर तेव्हा जगभर गाजत होता आणि पाथे कंपनीच्या फिती आपल्याकडे येत होत्या, तेव्हा पडद्यावरचा विनोद मुंबईला नवा नव्हता. पण त्या विनोदातली माणसं उंच टोप्या घालत, मेजावर जेवत. पीठ मात्र आपलं.

पिठाबद्दल एक तांत्रिक गोष्ट सांगण्यासारखी आहे. त्या काळच्या फितीला तांबडा रंग दिसत नसे. कुंकू पडद्यावर काळं येई, लाल शालू काळा येई, सावळा चेहरा आणखी काळवंडे. म्हणून नटांच्या तोंडांना पांढुरका रंग फासत. अशा फितीवर सगळ्यांत झळझळीत उठणारी वस्तू म्हणजे पांढरी भुकटी. काळ्या कोटावरचं पीठ शेवटच्या बाकावरच्या माणसालाही दिसणार. मूकपटात संवादांच्या पाट्या येत, पण थिएटरात बसलेल्यांपैकी कित्येकांना वाचता येत नसे. कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवी आणि हार्मोनियम-तबल्याच्या आवाजात ते अर्धंमुर्धं ऐकू येई. पिठाला पाटी लागत नाही. मराठी, गुजराती, उर्दू, तेलुगू, कोणत्याही घरात पीठ आहेच, आणि ते नको तिथे लागलं की हसू येतंच.

फाळक्यांच्या छोट्या चित्रांची नावं पाहिली की ही जाण एकदाच आलेली नव्हती हे कळतं. ‘आगकाड्यांची मौज’मध्ये आगपेटीतल्या काड्या आपणहून हलतात, आकार घेतात. ‘लक्ष्मीचा गालिचा’मध्ये नाण्यांचा खेळ आहे. एक चौकट टिपायची, काडी तसूभर सरकवायची, पुन्हा एक चौकट टिपायची. ‘राजा हरिश्चंद्र’च्याही आधी कुंडीतल्या दाण्याला कोंब फुटून वेल वाढताना त्यांनी असंच धीराने टिपलं होतं. ‘प्रोफेसर केळफा’ हा जादूगार तर ते स्वतःच. आडनावातली अक्षरं फिरवून त्यांनी हे नाव घेतलं होतं. पीठ, काड्यापेटी, नाणी, हातचलाखी. देवादिकांच्या कथांसाठी मुकुट, रथ, किल्ले उभे करणारा हा माणूस हसवायची वेळ आली की सरळ स्वयंपाकघरात आणि खिशात हात घालत होता.

यामागे नड होती, हेही सांगायला हवं. १९१४ साली फाळके आपली चित्रं घेऊन पुन्हा लंडनला गेले. तिथे कौतुक झालं, कामाची बोलणी झाली आणि तेवढ्यात महायुद्ध पेटलं. परत आल्यावर भांडवल आटलेलं. मोठं चित्र हाती घ्यायला पैसा नाही, अशा दोन-तीन वर्षांत त्यांनी असले छोटे तुकडे बरेच केले. चित्रपट कसा तयार होतो हे दाखवणारा एक माहितीपटही याच काळातला, आणि तो काही अंशी टिकला आहे. त्यात फाळके स्वतः काम करताना दिसतात. १९१७च्या ‘लंका दहन’ने मग पैशाचा पाऊस पाडला. त्यात राम आणि सीता दोन्ही अण्णा साळुंकेच झाले. १९१८ला नाशिकमध्ये भांडवलदारांच्या भागीत हिंदुस्थान फिल्म कंपनी उभी राहिली. पुढची हकीगत वैभवाची आणि मग वैतागाची आहे. ती इथे नको.

ह्या छोट्या फिती कुठे गेल्या?

मूकपटाची फीत नायट्रेटची असे. कापसाच्या तंतूवर नत्राम्लाची प्रक्रिया करून बनवलेली, बंदुकीच्या स्फोटकाची चुलत बहीण. भिवंडीतल्या माणसाला हे ऐकून बरं वाटणार नाही, पण ज्या कापसाचं आम्ही कापड विणतो त्याच कापसाची ही फीत. ती स्वतःचा प्राणवायू स्वतःजवळ बाळगते, त्यामुळे पेटली की पाण्यातही जळत राहते. आणि पेटली नाही तरी ती शांत बसत नाही. आधी चित्र पिवळट, मग तपकिरी होतं. फीत चिकट होते, एकमेकांना धरते, डब्यात फेस येतो, उग्र आंबूस वास सुटतो, आणि शेवटी डबा उघडला की आत तपकिरी भुकटी. सडायला लागलेली फीत चाळीस अंशांच्या उन्हाळ्यात बंद खोलीत आपोआप पेट घेऊ शकते. पत्र्याच्या छपराखालचा एप्रिल-मे आम्ही भोगतो. त्या उष्म्यात दोन-तीन पावसाळे काढलेल्या नायट्रेटच्या फितीचं काय होत असेल, हे वेगळं सांगायला नको.

दुसरा शत्रू माणूस. चित्राचा थर चांदीच्या क्षारांचा असतो. चित्र गावोगाव फिरून झिजलं, ओरखडे पडले, मागणी संपली की फिती वजनावर विकल्या जात. त्या धुऊन चांदी काढून घेत. १९३१ला बोलपट आल्यावर तर मूकपटांना कोणी विचारीना. भारतात सुमारे तेराशे मूकपट झाले, त्यातले आज पुरे-अपुरे धरून तीसही उरलेले नाहीत. ‘आलम आरा’ हा पहिला बोलपटसुद्धा गेला. बाबूराव पेंटरांचा ‘सावकारी पाश’ गेला. बंगालमध्ये धीरेन गांगुलींनी १९२१मध्ये ‘बिलेत फेरत’ केला, विलायतेहून परतलेल्या साहेबी तरुणाची थट्टा करणारा, मूक काळातला गाजलेला हास्यपट. तोही गेला.

पण सगळं सारखं गेलं नाही, आणि माझी तक्रार इथे आहे. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यात १९६४ला सुरू झालं आणि पी. के. नायर यांनी गावोगाव हिंडून, भंगारातून, अडगळीतून फिती जमवल्या. फाळके कुटुंबीयांकडूनही त्यांनी फिती मिळवल्या. ‘राजा हरिश्चंद्र’चा पहिला आणि शेवटचा भाग, ‘लंका दहन’चे, ‘श्रीकृष्ण जन्म’चे तुकडे, आणि १९१९चा ‘कालिया मर्दन’ जवळजवळ सगळा. ही यादी पुन्हा वाचा. हरिश्चंद्र, राम, कृष्ण. देवाची फीत टाकून देताना कोणाचा तरी हात अडखळला असणार. ती ट्रंकेत, देवघराशेजारच्या फळीवर, कुठेतरी राहून गेली. पिठाच्या गमतीची फीत टाकताना कोणाचा हात अडखळणार? आपल्या ताटात डावीकडे चटणी-कोशिंबीर वाढतात तसा हा खेळ, तोंडी लावणं. जेवण झालं की उरलेल्या भाताची काळजी घेतात, चटणी खरवडून टाकतात. फाळक्यांचा विनोद आपण असा डाव्या बाजूचा म्हणून टाकला.

तो कसा असेल याची थोडी चव ‘कालिया मर्दन’मध्ये मिळते. फाळक्यांची मुलगी मंदाकिनी त्यात कृष्ण झाली आहे. सुरुवातीलाच ती नुसत्या चेहऱ्याने एकामागून एक भाव दाखवते, मग तिचा कृष्ण होतो. हा कृष्ण लोणी चोरतो, गावातल्या बाईची खोडी काढतो, सवंगड्यांना घेऊन धुडगूस घालतो. कालिया नागाच्या फण्यावरचं नृत्य पाहताना माणसं हात जोडत असतील, पण त्याआधीच्या खोड्यांच्या वेळी थिएटर हसत असणार. वेळ कधी साधायची, नजर कुठे फिरवायची, पोराला कुठून धावत आणायचं, हे सगळं तिथे मुरलेलं दिसतं. हे कौशल्य आभाळातून पडलं नाही. पाच वर्षं आधीच्या छोट्या तुकड्यांत ते घोटलं गेलं होतं. मंदाकिनीच्या हातातल्या लोण्यामागे मला नेहमी ते पीठ दिसतं.

२००३ साली ८ जानेवारीला पुण्यात प्रभातच्या जुन्या आवारातल्या नायट्रेटच्या कोठाराला आग लागली आणि शेकडो चित्रपटांच्या मूळ फिती जळाल्या. पुष्कळांच्या प्रती आधीच सुरक्षित फितीवर उतरवलेल्या होत्या, म्हणून चित्रं वाचली. त्यानंतर सहा वर्षांनी, २००९मध्ये, परेश मोकाशींनी ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ केला. फाळक्यांच्या धडपडीची कहाणी त्यांनी हसत खेळत सांगितली आणि लोकांनी ती डोक्यावर घेतली. फाळके म्हणजे दाढीवाले गंभीर ऋषी, ही समजूत तिथे पहिल्यांदा हलली असं मला वाटलं. चित्र पाहून बाहेर पडताना माझ्या मनात होतं की, ह्या हसऱ्या माणसाची स्वतःची हसवणारी फीत एखाद्या डब्यात असेल तर?

ही आशा अगदीच वेडी नाही. कोलकात्याच्या मादन कंपनीचा १९१९चा ‘बिल्वमंगल’ गेला असंच सगळे धरून चालले होते. त्याचा काही भाग पॅरिसच्या चित्रसंग्रहालयात निघाला आणि काही वर्षांपूर्वी पुण्याला आला. फिती फिरतात. गाव बदलतात, मालक बदलतात, डब्यावरचं नाव पुसलं जातं. आमच्या भिवंडीत हजारो गोदामं आहेत, आणि रद्दी-भंगाराचा व्यापार तर पिढ्यान् पिढ्यांचा. जुन्या तंबू सिनेमावाल्यांची, फिरत्या टॉकीजची, बंद पडलेल्या चित्रगृहांची अडगळ महाराष्ट्रभर कुठे कुठे पडून आहे.

म्हणून ज्यांच्या हाती अशी अडगळ येते त्यांच्याशी दोन शब्द बोलतो. जड, गोल, गंजका डबा सापडला तर तो चुलीजवळ, विजेच्या दिव्याखाली, उन्हात ठेवू नका, आणि त्याच्या आसपास विडी-काडी ओढू नका. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधू नका, त्याला वारा लागू द्या. काट्यावर घालून भंगारात देण्याआधी पुण्याच्या संग्रहालयाला कळवा. आंबूस वास येत असेल, फीत चिकटलेली असेल, तर हातही लावू नका. पण फीत कोरडी आणि मोकळी असेल, तर सावलीत, खिडकीशी उभे राहा. टोकाचा हातभर भाग दोन्ही कडांना धरून हळूच उलगडा आणि उजेडासमोर धरा. बोटाच्या पेरापेक्षाही लहान चौकटी दिसतील, एकाखाली एक. पाटीवर अक्षरं असतील तर वाचा. नसतील तर नीट पाहा, अंधाऱ्या चौकटीत कुठे एखादा पांढरा हात दिसतो का.